दातिवऱ्याच्या वाळूवर फ्रिज: बॅटरीने थंड करायचं की थंड ठेवायचं?



किनाऱ्यावरच्या स्टॉलचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, तिथे लाइट नाही. लिथियम बॅटरीवर छोटा फ्रिज चालेल का?" चालतो. दिवसभर चालतो. पण पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि पैसे तिथेच बुडतात: त्या फ्रिजकडून तुम्ही नेमकं काय काम करून घेणार आहात? गरम माल थंड करून घेणार, की आधीच थंड असलेला माल थंड ठेवून घेणार? ऐकायला एकच वाटतं. पण बॅटरीच्या खर्चात दुपटीचा फरक पडतो, आणि गिऱ्हाईक परत येणार की नाही हेही त्यावरच ठरतं.

उदाहरणाला आपण दातिवरे घेऊ. पालघर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, वैतरणा जिथे समुद्राला मिळते तिथलं हे गाव. सफाळ्याला उतरायचं आणि पुढे रस्त्याने जायचं. खाडीच्या पलीकडे अर्नाळा. केळव्यासारखी जत्रा इथे नसते, पण शनिवार-रविवारी शांत किनारा शोधत माणसं येतात, आणि उन्हातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा थंड काहीतरी हवं असतं. गावात महावितरणची वीज आहेच. वाळूवर मात्र मीटर नाही. याच पट्टीवर उत्तरेला तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होतेय आणि इथे गाडीवाल्याला प्लग नाही. असो, तो विषय वेगळा. आपल्याला आपल्या गाडीपुरती वीज घरून न्यायची आहे.

आता गणित. घाबरू नका, गुणाकारच आहेत.

वीजबिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. ५० वॅटची वस्तू एक तास चालली की ५० वॅट-तास गेले. बॅटरीवर मात्र अँपिअर-तास म्हणजे एएच लिहिलेलं असतं. त्याला व्होल्टने गुणायचं. आपल्या कामाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, जिला दुकानदार एलएफपी किंवा लाइफपो-फोर म्हणतात, ती १२.८ व्होल्टची असते. म्हणजे ५० एएच गुणिले १२.८, झाले ६४० वॅट-तास. १०० एएच घेतली तर १२८०. यातले ८० टक्केच आपले समजायचे, बाकीची गंगाजळी. म्हणजे लहान बॅटरीतून हाताशी साधारण ५१० आणि मोठीतून १०२०.

फ्रिजचं बघू. ४० लिटरचा, बारा व्होल्टवर चालणारा, कॉम्प्रेसरवाला पोर्टेबल फ्रिज चालू असताना ५० वॅटच्या आसपास घेतो. पण तो सतत चालत नाही. आतला माल थंड झाला की कॉम्प्रेसर बंद पडतो, थोडं तापमान चढलं की परत सुरू होतो. सावलीत ठेवलेला, आत आधीच थंड माल भरलेला, बाहेर ३२-३३ अंश, आत ५ अंश, अशा वेळी तो तासातली वीस-पंचवीस मिनिटं चालतो. म्हणजे ताशी २० वॅट-तास धरा. सकाळी ९ ते संध्याकाळी ७, दहा तासांचे २००. गिऱ्हाईक आलं की झाकण उघडणार, त्याचे ५० जास्त धरा. झाले २५०. लहान बॅटरीतले ५१० आपल्याकडे आहेत, म्हणजे निम्मीही संपली नाही.

आता दुसरा प्रकार बघा. तुम्ही सकाळी घाईघाईत निघालात आणि १२ लिटर ताक-सोलकढीच्या बाटल्या न थंड करताच, ३२ अंशांच्या, फ्रिजमध्ये टाकल्या. एक लिटर पाणी एक अंशाने थंड करायला १.१६ वॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. ताक-सोलकढी म्हणजे बहुतेक पाणीच, तोच आकडा धरा. ३२ वरून ५ वर यायचं म्हणजे २७ अंश. १२ गुणिले २७ गुणिले १.१६, झाले जवळपास ३७५. छोटा कॉम्प्रेसर एक वॅट-तास विजेत साधारण सव्वा ते दीड वॅट-तास उष्णता उपसतो. म्हणजे बॅटरीतून २५० ते ३०० गेले, फक्त थंड करण्यात. ठेवण्याचे २५० वेगळेच. बेरीज ५०० ते ५५०. लहान बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही याची धाकधूक सुरू झाली.

आणि विजेपेक्षा मोठी अडचण वेळेची आहे. ५० वॅटचा कॉम्प्रेसर पूर्ण वेळ धावला तरी तासाला ६५-७० वॅट-तास उष्णता काढणार, त्यातली वीस-पंचवीस भिंतीतून परत आत झिरपणार. मग त्या १२ लिटर बाटल्या ५ अंशांवर यायला किती वेळ? आठ तासांच्या आसपास! सकाळी ९ ला भरलेलं ताक दुपारी २ ला, नेमकी तहान असते तेव्हा, कोमट-थंड. फ्रिज बिघडलाय म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात. फ्रिज ठीक असतो हो. एवढ्याशा यंत्राला बैलाचं काम सांगितलेलं असतं.

म्हणून पद्धत अशी ठेवा. माल रात्री घरच्या मोठ्या फ्रिजमध्ये गार करायचा. पोर्टेबल फ्रिजलाही घरच्या प्लगवर चालवायचा अडॅप्टर बहुतेक वेळा मिळतो, तो लावून रात्रीच चालू करायचा, म्हणजे त्याच्या भिंतीही गार होतात. सकाळी थंड माल थंड फ्रिजमध्ये, आणि मगच बॅटरी जोडायची. एवढ्या एका सवयीने १०० एएचचं काम ५० एएचवर येतं.

यात अजून एक भर घाला, फुकटची. एक किलो बर्फ वितळताना ९३ वॅट-तास उष्णता गिळतो. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या पाण्याने भरून, तोंडाशी थोडी जागा सोडून, रात्री डीप फ्रीजरला गोठवा आणि सकाळी मालाच्या मधोमध ठेवा. त्या दोन बाटल्या १८६ वॅट-तास उष्णता खातील, म्हणजे बॅटरीचे साधारण १४० वॅट-तास वाचले, कॉम्प्रेसरचे जवळपास तीन तास. ही काही माझी अक्कल नाही. आईस्क्रीमच्या हातगाड्या बघितल्यात ना? त्यातल्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी नसते. आतल्या भिंतीत खास द्रावणाच्या पाट्या असतात, रात्री डेपोत प्लगला लावून त्या गोठवतात आणि दिवसभर त्याच थंडावा देतात. आपला कुल्फीवाला तर त्याहून जुना. मडक्यात बर्फ आणि मीठ, वीज शून्य, आणि तापमान शून्याच्या बरंच खाली. थंडी रात्री साठवायची आणि दिवसा खर्च करायची, ही युक्ती आपल्या गल्लीतलीच आहे. बॅटरी फक्त गळती भरून काढायला.

फ्रिज घेताना कुठे फसाल

ऑनलाइन 'कार फ्रिज' शोधलं की चार-पाच हजारांत आकर्षक डबे दिसतात, थंडही करतात आणि गरमही. ते पेल्टियरवाले. त्यात कॉम्प्रेसर नसतो. ते ५०-६० वॅट घेतात आणि बंद पडत नाहीत, दहा तासांत ५०० वॅट-तास फस्त. एवढं करून आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंशच खाली. बाहेर ३४ असेल तर आत १४ ते १९. त्यात ताक आंबेल आणि नारळाच्या दुधाची सोलकढी संध्याकाळी फेकावी लागेल. खायच्या मालाला ५ अंश किंवा खाली पाहिजे, त्यामुळे धंद्यासाठी हा डबा नकोच.

दुसरी चूक म्हणजे घरातला छोटा २३० व्होल्टचा फ्रिज इन्व्हर्टर लावून चालवणं. इन्व्हर्टर स्वतःच ताशी १० वॅट-तास खाऊ शकतो, फ्रिज बंद असला तरी. दिवसाचे १०० तिथेच गेले. वर रूपांतरात दहा-पंधरा टक्के घट, आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका लहान इन्व्हर्टरला झेपत नाही. बारा व्होल्टवर थेट चालणाराच घ्या.

बॅटरीत एलएफपीच मागा. लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा ती तापमानाला जास्त शांत असते आणि दोन हजारांहून अधिक वेळा चार्ज-डिस्चार्ज सहज झेलते. ५० एएचची बॅटरी सहा-सात किलोची, एका हातात उचलून वाळूतून नेता येते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी नेऊन बघा वाळूतून, मग कळेल. 'सहा हजार सायकल' असं सांगून जास्त पैसे मागत असतील तर विचार करा: शनिवार-रविवारचा स्टॉल पाच वर्षांत चारशे दिवस लागणार. तुमची बॅटरी सायकलने मरणार नाही, उन्हाने आणि खाऱ्या हवेने मरेल. ते पैसे चांगल्या डब्यावर आणि वायरवर घाला. ई-रिक्षातून काढलेल्या सेलची 'रिपॅक' बॅटरी स्वस्त मिळते, पण तिची हमी देणारा माणूस पुढच्या वर्षी त्याच दुकानात असेल का, हे तुम्हीच ठरवा.

चार्जर एलएफपीचाच हवा, १४.४ ते १४.६ व्होल्टवर थांबणारा. घरच्या इन्व्हर्टरला किंवा लेड-ॲसिडच्या चार्जरला जोडू नका. त्यातले काही चार्जर बॅटरी 'ताजी' करायला मधूनच व्होल्टेज चढवतात, ते लिथियमला मानवत नाही. पूर्ण चार्जला पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते. त्यामुळे रोज घरी परतणाऱ्या गाडीला सोलर पॅनलची गरज नाही, कितीही छान दिसलं तरी. १०० वॅटचं पॅनल निरभ्र दिवशी ३०० ते ३५० वॅट-तास देतं खरं, पण ज्याला सलग तीन-चार दिवस विजेपासून लांब राहायचंय, तंबूचा कॅम्प चालवायचाय, त्याने ते घ्यावं. आणि लक्षात ठेवा, पॅनलला ऊन पाहिजे आणि फ्रिजला सावली. एकाच छत्रीत दोघांचं जमत नाही.

बॅटरी भरलेली, तरी फ्रिज बंद

हा प्रकार इतक्या जणांच्या बाबतीत होतो की थोडं सविस्तर सांगतो.

हे फ्रिज मुळात गाडीत वापरायला बनवलेले. गाडीची बॅटरी उतरून गाडीच सुरू होईना असं होऊ नये म्हणून व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की फ्रिज आपोआप बंद होतो. त्यात हाय, मीडियम, लो अशी सेटिंग असते. आपली बॅटरी गाडीची नाही, तिचं रक्षण तिच्या आतलं बीएमएस सर्किट करतं. म्हणून सेटिंग लो वर ठेवा.

तरी बंद होत असेल तर वायर बघा. बारा व्होल्टवर ५० वॅट म्हणजे चार-पाच अँपिअर, सुरू होताना त्याहून जास्त. बॅटरी फ्रिजपासून तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबं. एक चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये पाच अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच गळतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर गळती पाव व्होल्टच्याही आत. फरक शंभर-दोनशे रुपयांचा, आणि त्यावर फ्रिज चालणार की नाही हे ठरतं. लायटरसारखा गोल प्लग असेल तर तोही संशयित. ढिला बसतो, तापतो. स्क्रूने किंवा चापून बसणारा पक्का कनेक्टर वायरमनकडून लावून घ्या.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच, वीतभर अंतरात, १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात प्रचंड करंट सोडते, वायर लाल होते, आणि तुमच्या स्टॉलवर ताडपत्री, थर्माकोल, प्लॅस्टिक सगळं पेटणारंच असतं.

बॅटरीवर व्होल्ट दाखवणारा छोटा डिस्प्ले असेल तर त्यावरून 'किती उरली' ठरवू नका. लेड-ॲसिडमध्ये व्होल्टेज हळूहळू उतरतं, अंदाज येतो. एलएफपीचं बराच वेळ १३ व्होल्टच्या वर जवळजवळ स्थिर राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारं शंट मीटर मिळतं, ते बसवा.

किनाऱ्याचं म्हणून दोन गोष्टी. फ्रिजच्या जाळीसमोर हातभर मोकळी जागा ठेवा, आणि तो वाळूवर नाही तर फळीवर किंवा क्रेटवर ठेवा. पंख्याने वाळू ओढली की संपलं. टर्मिनल घट्ट करून वर व्हॅसलिन चोपडा, दर महिन्याला पुसून परत लावा. खारी हवा हिरवा गंज आणतेच.

पैसे कशात सुटतात

आता धंद्याचं. समजा फ्रिज ३०,००० रुपये, बॅटरी आणि चार्जर १६,०००, वायर-फ्यूज-डबा २,०००. एकूण ४८,०००. हे भाव उदाहरणादाखल, तुमचं कोटेशन घालून परत करा. पाच वर्षं धरली आणि ऑक्टोबर ते मे शनिवार-रविवार व सुट्ट्या मिळून वर्षाला ८० दिवस धंदा झाला, तर ४०० दिवस. दिवसाला १२० रुपये. बारा लिटर सोलकढीचे २०० मिलीचे ६० ग्लास होतात. साठही गेले तर ग्लासमागे २ रुपये, वीसच गेले तर ६. आठवड्यातले आणखी दिवस मिळवून वर्षाला १६० केले तर दिवसाचा खर्च निम्म्यावर येतो. म्हणजे फ्रिज परवडतो की नाही हे बॅटरी ठरवत नाही, तुम्ही किती दिवस उभे राहता ते ठरवतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. बाटलीबंद पाणी आणि कोल्ड्रिंक थंड करून विकण्यासाठी एवढा खर्च करू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. 'कूलिंग चार्ज' म्हणून दोन-पाच रुपये वर घेणं बेकायदा आहे आणि वैधमापनशास्त्र विभाग त्यावर कारवाई करतो. म्हणजे थंड करण्याचा सगळा खर्च तुमच्या तुटपुंज्या मार्जिनमधून. फ्रिजमध्ये तुमचा स्वतःचा माल पाहिजे, ज्याची किंमत तुम्ही लावता: सोलकढी, ताक, कैरीचं पन्हं, सोललेले गार ताडगोळे. एफएसएसएआयची नोंदणी मात्र आधी करून घ्या. नीरा डोक्यात असेल तर तिला वेगळा परवाना लागतो, आणि ती थंड नाही राहिली तर काही तासांत ताडीच्या वाटेला लागते.

ताजी मासळी विकणाऱ्यांना मी हा फ्रिज सुचवणार नाही. मासळीला तिच्या वजनाएवढा बर्फ लावायचा ही जुनी रीतच बरोबर आहे. बर्फ चारही बाजूंनी चिकटून शून्य अंश देतो आणि वितळताना धुऊनही काढतो. ४० लिटरच्या डब्यात मावणार किती, आणि बोंबील ठेवलेल्या डब्यात उद्या ताक कोण ठेवेल?

उलट सोलकढीवाल्याने बर्फाबाबत जपावं. मासळीच्या पेट्यांसाठी येणारा कारखान्याचा बर्फ पिण्याचा नसतो. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. बाटल्यांच्या बाहेरून तो चालेल, ग्लासात कधीही नाही. फ्रिजचा खरा फायदा इथे आहे: ग्लासात बर्फ टाकावाच लागत नाही, चव पाणचट होत नाही, आणि लहान मुलांना घेऊन आलेलं कुटुंब विश्वासाने पितं. हे बोर्डावर लिहा. 'बर्फ न घालता गार'.

अगदी नवीन असाल तर पहिला सीझन दोन-तीन हजारांच्या जाड भिंतीच्या आइस बॉक्सवर काढा. रात्री गोठवलेल्या बाटल्या, गार माल, घट्ट झाकण. रोज तीन आकडे वहीत लिहा: किती ग्लास गेले, किती फेकले, आणि दुपारी ३ ला आतलं तापमान किती होतं. साधा थर्मामीटर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. मे संपेपर्यंत वहीत फेकलेल्या मालाची रक्कम दिवसाला १२० रुपयांच्या वर जात असेल, किंवा माल संपतोय पण जास्त नेला तर गरम होतोय असं दिसत असेल, तर फ्रिज घ्यायची वेळ झाली. तसं नसेल तर आइस बॉक्सच चालू द्या.

ज्यांनी आधीच सेट घेतलाय त्यांच्यासाठी पावसाळ्याचं. जूनमध्ये गाडी आवरलीत की बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, निम्मी ठेवा. वायर काढून, कोरड्या आणि उन्हापासून लांबच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये नाही. फ्रिज आतून पुसून, झाकणात काडी अडकवून किंचित उघडा ठेवा, नाहीतर बुरशीचा वास नवरात्रापर्यंत जात नाही. गणपतीच्या सुमारास बॅटरी एकदा मीटरवर बघा, खूप उतरली असेल तर परत निम्म्यावर आणा. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी किनाऱ्यावर न्यायच्या आधी फ्रिज घरीच बॅटरीवर दहा तास चालवून बघा, किती वॅट-तास गेले ते गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहा.